असून न दिसणें

एखादी वस्तु प्रत्यक्ष समोर असावी, डोळे उघडे असावेत, उजेडहि पुरेसा असावा, आणि तरीहि ती दिसूं नये, हें ऐकतांना चमत्कारिक वाटतें. परंतु रस्त्यावरील अपघातानंतर मोटार हांकणाऱ्याच्या तोंडून वारंवार बाहेर पडणारें वाक्य हेंच असतें कीं, “मीं पाहिलें होतें, पण फटफटी मला दिसलीच नाहीं.” ऐकणारे लोक ही सबब समजतात, आणि पुष्कळ वेळां ती सबब असतेहि. पण नेहमींच ती सबब असते असें नाहीं. आणि ज्या वेळीं तें वाक्य खरें असतें, त्याच वेळीं तें अधिक भयंकर असतें. बेपर्वा माणसास कायद्याचा धाक घालतां येतो. ज्यास खरोखरच दिसलें नाहीं, त्यास धाक घालून काय होणार?

सांख्यकारिकेंत ईश्वरकृष्णानें, असलेली वस्तु न दिसण्याचीं आठ कारणें दिलीं आहेत. मूळ प्रकृति डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती नाहींच असें कोणीं समजूं नये, एवढेंच त्यास तेथें सिद्ध करावयाचें होतें. वस्तु फार दूर असणें, फार जवळ असणें, पाहणाराच्या इंद्रियांत दोष असणें, त्याचें मन ठिकाणावर नसणें, वस्तु सूक्ष्म असणें, मध्यें आडोसा येणें, अधिक तेजस्वी वस्तूनें तिला लोपवून टाकणें, आणि सारख्याच वस्तूंच्या गर्दींत ती मिसळून जाणें, हीं तीं आठ कारणें होत. विद्यार्थिदशेंत हीं आम्हीं पाठ केलीं, तेव्हां तीं केवळ वादविवादाच्या उपयोगाचीं वाटत. हल्लीं यवतमाळच्या सडकांवरून जातांना तीं एकामागून एक देह धारण करून समोर उभीं राहतात. दीड हजार वर्षांपूर्वींच्या त्या तत्त्वज्ञास फटफटी ठाऊक नव्हती. परंतु फटफटीवरील मनुष्य कां मरतो, याचें अर्धें उत्तर त्याच्या त्या यादींत आहे.

आमचा जिल्हा व आमच्या सडका

यवतमाळ जिल्ह्यांत सोळा तालुके आहेत. आणि आगगाडीचें सुख त्यांतील फारच थोड्या गांवांच्या वांट्यास आलें आहे. मूर्तिजापुराहून यवतमाळास येणारी अरुंद रुळांची शकुंतला, जिच्या संथपणास एके काळीं सारे हंसत, ती बंद पडली. वर्ध्याहून यवतमाळमार्गें नांदेडास जावयाच्या रुंद रुळांच्या मार्गावर कळंबपर्यंत गाडी धांवूं लागली, ती इ. स. २०२४ च्या फेब्रुवारींत. त्यामुळें दिग्रस, पुसद, आर्णी, घाटंजी, राळेगांव, कोठेंहि जावयाचें म्हणजे सडकेवांचून गति नाहीं. एस्. टी. ची वेळ जुळली नाहीं कीं, घरांतली फटफटी बाहेर निघते. कॉलेजांत जाणारा मुलगा, खेड्यांतील शाळेवर जाणारी शिक्षिका, बँकेंतील कारकून, शेतावर जाणारा शेतकरी, सर्वांचें वाहन तेंच.

आतां ज्या सडकांवरून हें वाहन जातें, त्या कशा आहेत तें पाहा. काश्मीरापासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा वडकी, करंजी, पांढरकवडा व पाटणबोरी यांवरून हैदराबादेकडे उतरतो. तुळजापुराकडे जाणारा क्रमांक ३६१ हा कळंब, यवतमाळ, आर्णी, महागांव, उमरखेड असा जिल्हा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे चिरीत जातो. वणीच्या बाजूस कोळशाच्या मालमोटारींची रांग खंडत नाहीं. कार्तिक उजाडला म्हणजे कापसानें शीग भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. त्यांतील कित्येकींस मागें तांबडा दिवा तर नाहींच, पण चकाकणारी पट्टीसुद्धां नसते. या सर्व अवजड पसाऱ्यामधून, दोन चाकांवर तोल सांभाळीत, आमचीं मुलें-बाळें सकाळीं जातात व सायंकाळीं परत येतात. येतात, म्हणजे येतील असें धरून आपण स्वयंपाक करून ठेवितो.

केंद्र सरकारच्या रस्ते-वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें इ. स. २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांपैकीं ७४,८९७, म्हणजे शेंकडा ४४.५, हीं दुचाकीवरचीं होतीं. एकट्या महाराष्ट्रांतील मृत्यूंची संख्या १५,२२४ होती. हे सर्वच मृत्यु न दिसल्यामुळें झाले असें मुळींच नाहीं. अतिवेग, मद्य, खड्डे, उन्मत्तपणा हीं कारणें आहेतच, आणि त्यांवर पुष्कळ लिहिलें जातें. मला आज लिहावयाचें आहे तें त्या शहाण्या, सावकाश जाणाऱ्या, आपल्या बाजूनें चालणाऱ्या मुलाविषयीं, ज्याची चूक एवढीच असते कीं, तो समोरच्यास दिसला असेल असें तो गृहीत धरतो.

लहान वस्तूचा दोष

मोटारीची रुंदी दीड-पावणेदोन मीटर असते. फटफटी व तिच्यावरील स्वार मिळून समोरून जेमतेम पाऊण मीटर दिसतात. आपल्या डोळ्यांची अशी संवय आहे कीं, जें मोठें दिसतें तें जवळ, आणि जें लहान दिसतें तें दूर, असें ते परस्पर ठरवून मोकळे होतात. म्हणून मोटार व फटफटी एकाच अंतरावर असल्या, तरी पाहणारास फटफटी दूर भासते, आणि तिला येण्यास अजून अवकाश आहे असें वाटतें. त्यांत आणखी एक गोष्ट आहे. समोरून येणारी वस्तु लांब असेपर्यंत तिचा आकार फारसा वाढत नाहीं. अगदीं जवळ आल्यावर तो एकाएकीं फुगतो. मोटार मुळांतच मोठी असल्यामुळें ही वाढ लवकर लक्षांत येते. फटफटीची वाढ लक्षांत येते, तेव्हां ब्रेक दाबण्याची वेळ टळून गेलेली असते.

येथें थोडें गणित मांडूं. तासीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी फटफटी एका सेकंदास सुमारें १७ मीटर पुढें जाते. चौकांत वळून पलीकडे जावयास मोटारीस चार-पांच सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत ती फटफटी सत्तर-ऐंशी मीटर आलेली असते. म्हणजे जी वस्तु मोटारवाल्यास “ती काय, तिकडे दूर” वाटली, ती त्याचें वळण पुरें होण्याच्या आंत त्याच्या दाराशीं येते. अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिस येथील सुमारें नऊशें अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली, व इ. स. १९८१ मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. जेथें फटफटीबरोबर दुसरेंहि वाहन होतें, अशा अपघातांपैकीं दोन-तृतीयांश ठिकाणीं त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकानें फटफटीचा मार्ग अडविला होता, असें त्यांस आढळलें. म्हणजे जी गोष्ट आमच्या फांट्यांवर घडते, तीच सातां समुद्रांपलीकडेहि घडते; कारण डोळे सर्वत्र सारखेच आहेत.

मन ठिकाणावर नसणें

डोळा हा फिरत्या कंदिलाप्रमाणें सर्व दिशा सारख्या उजळीत जात नाहीं. तो उड्या मारीत जातो. एका ठिकाणीं क्षणभर टेंकतो, तेथून उडी मारून दुसऱ्या ठिकाणीं टेंकतो, आणि मधल्या उडींत त्याला जवळजवळ कांहीं दिसत नाहीं. ती फट मन आपल्या अंदाजानें भरून काढतें, आणि आपल्याला मात्र सगळा देखावा अखंड पाहिल्यासारखा वाटतो. डावीकडे-उजवीकडे भरकन् मान फिरविणाऱ्या मोटारवाल्याच्या अशा एका उडींत सबंध फटफटी, स्वारासह, नाहींशी होऊं शकते.

दुसरें असें कीं, मन ज्याची अपेक्षा करतें तेंच डोळे शोधतात. वह्या तपासणाऱ्या कोणाहि शिक्षकास विचारा. मुलानें गाळलेलें अक्षर तो शेंकडों वेळां जागेवर असल्याप्रमाणें वाचून जातो, कारण तें तेथें असावें अशी त्याची अपेक्षा असते. मोटारवाला चौकांत येतो, तेव्हां आपल्यास चिरडील अशा वाहनाचा तो शोध घेत असतो: मालमोटार, बस, दुसरी मोटार. तीं नाहींत अशी खातरी झाली कीं, मन निर्णय देतें, “रस्ता मोकळा आहे.”

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. तो आतां पन्नाशीस आलेला, निर्व्यसनी व गाडी जपून हांकणारा गृहस्थ आहे. यवतमाळबाहेरील एका फांट्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, तो उजवीकडे वळण्यासाठीं थांबला होता. समोरून कापसाची एक ट्रॉली आली व निघून गेली. तिच्या मागें रस्ता मोकळा दिसला. त्यानें गाडी वळविली. आणि कॉलेजांत शिकणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगा फटफटीसह त्याच्या डाव्या दारावर येऊन आदळला. मुलगा वांचला, परंतु मांडीचें हाड मोडून त्याचें वर्ष फुकट गेलें, आणि डावा पाय आजहि आंखूड आहे. कोर्टकचेरीचें जें व्हावयाचें तें झालें. “सर, मीं पाहिलें होतें हो,” तो मला म्हणाला, “रस्ता मोकळा होता.” मला तो खोटें बोलत आहे असें वाटलें नाहीं. तो मुलगा ट्रॉलीच्या अगदीं मागें लागून येत होता. त्याचें जाकीट काळें होतें, डोक्यावर कांहीं नव्हतें, आणि दिव्यावर पंधरा दिवसांची धूळ होती. ईश्वरकृष्णाच्या आठ कारणांपैकीं पांच तरी त्या एका क्षणीं त्या फांट्यावर हजर होतीं. नुसतें एक कमी असतें, तरी कदाचित् त्या घरांत आज कोणी लंगडत चाललें नसतें.

आडोसा, तेज, गर्दी व जवळीक

आडोशाचीं उदाहरणें वर आलींच. अवजड वाहनाच्या मागें चिकटून जाणाऱ्यास पुढचें दिसत नाहीं, हें सर्वांस समजतें. पण पुढच्यांसहि तो दिसत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मोटारीच्या समोरच्या कांचेच्या दोन्ही कडांस जे खांब असतात, तेहि कांहीं अंतरावरील अख्खी फटफटी झांकूं शकतात. दोन रस्ते मिळतात तेथें मोटार व फटफटी अशा प्रमाणांत जवळ येत असल्या कीं दोहोंमधील कोन बदलतच नाहीं, तर ती फटफटी शेवटपर्यंत त्या खांबाआड राहते. म्हणून अनुभवी स्वार चौकाजवळ येतांना वेग कमी करितात, व आपल्या पट्ट्यांतल्या पट्ट्यांत हळूच किंचित् बाजू बदलितात. बाजूला हललेली वस्तु डोळ्यांस चटकन् समजते; सरळ रेषेंत वाढत येणारी वस्तु समजत नाहीं.

तेजाची बाधा दोन वेळां होते. सायंकाळीं यवतमाळहून दारव्ह्याच्या वाटेस लागलें, म्हणजे मावळता सूर्य नेमका डोळ्यांत येतो. सकाळीं उलट येणाऱ्यांची तीच गत होते. याविषयीं एक साधी खूण आहे, ती मुलांस अवश्य शिकवावी. आपली सांवली लांबच्या लांब आपल्यापुढें पडलेली दिसली, तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य आहे असें समजावें. अशा वेळीं आपल्याला रस्ता आरशासारखा स्वच्छ दिसत असतो, आणि समोरचा जवळजवळ आंधळा असतो. रात्रीं तेंच काम मोटारींचे उंच झोत करितात.

गर्दींत मिसळणें म्हणजे ज्वारीच्या राशींतला एक दाणा होणें. रात्रीं फटफटीच्या मागें मोटारींचे पांच-पंचवीस दिवे असले, कीं तिचा एक दिवा त्यांतलाच एक होऊन जातो. दिवसां रंगाचें तसेंच आहे. आमच्याकडे जमीन काळी, डांबरी सडक काळी, फटफटी काळी. त्यांत हल्लींच्या तरुणांस जाकीट व शिरस्त्राणहि काळेंच आवडतें. काळ्यावर काळें लिहून परीक्षकानें तें वाचावें, अशी अपेक्षा कोणता विद्यार्थी करील?

फार जवळ असणेंहि न दिसण्याचें कारण होतें. मोटारीच्या किंवा मालमोटारीच्या बाजूस, मागच्या चाकाच्या आसपास जाणारा स्वार हांकणाऱ्याच्या आरशांतहि येत नाहीं व खिडकींतहि येत नाहीं. मालमोटारीची डावी बाजू तर फारच घातक. कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, आणि वळतांना गाडीचें मागचें अंग डावीकडे आंत ओढलें जातें. एवढें लक्षांत ठेवावें: ज्या गाडीच्या आरशांत तुम्हांस चालकाचें तोंड दिसत नाहीं, त्या चालकास तुमचेंहि तोंड दिसत नाहीं. अशा जागीं रेंगाळूं नये. पुढें तरी निघून जावें, किंवा मागें तरी राहावें. डावीकडून पुढें घुसण्याची हौस मात्र कायमची सोडून द्यावी.

इंद्रियदोषाविषयीं फार सांगावयास नको. समोरच्याच्या डोळ्यांत मोतीबिंदु असेल, त्याची कांच धुळीनें माखली असेल. तें आपल्या हातीं नाहीं. परंतु तें तसें असूं शकतें, एवढें मनांत बाळगणें आपल्या हातीं आहे.

दिसण्याचे उपाय

पहिला उपाय दिवा. दाराशीं लावलेला दिवा घरांतल्या माणसांस दिसावें म्हणून नसतो. येणाऱ्यास घर दिसावें म्हणून असतो. फटफटीचा दिवसाचा दिवा तसाच आहे. मलेशियांत इ. स. १९९२ मध्यें दिवसाहि दिवा लावून फटफटी चालविण्याचा नियम झाला. त्यानंतर, न दिसल्यामुळें होणारे अपघात शेंकडा २९ नीं कमी झाल्याचें तेथील अभ्यासकांनीं दाखवून दिलें. आपल्या देशांतहि १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा यंत्र सुरू होतांच आपोआप लागतो व तो विझवितां येत नाहीं. “दिवा चालू आहे” अशी बोटांची उघडझांप करून खूण करणारे सज्जन अजूनहि भेटतात. त्यांचे आभार मानावेत आणि दिवा तसाच राहूं द्यावा. कांहीं जण कारागिराकडून त्यास खास बटण बसवून घेतात; हा आपल्याच दाराचा दिवा विझविण्याचा प्रकार आहे. दिवा असून भागत नाहीं. तो स्वच्छ असावा लागतो. वणीकडची कोळशाची धूळ आणि पावसाळ्यांतील काळ्या मातीचा चिखल मागच्या तांबड्या दिव्यास पार झांकून टाकतात. निघण्यापूर्वीं ओलें फडकें फिरविण्यास अर्धें मिनिट लागतें.

दुसरा उपाय रंग. न्यूझीलंडांतील ऑक्लंड येथील फटफटीस्वारांचा एक काळजीपूर्वक केलेला अभ्यास इ. स. २००४ मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्यें प्रसिद्ध झाला. भडक अथवा चकाकणारीं वस्त्रें वापरणारांचा जखमी होण्याचा धोका इतरांहून शेंकडा ३७ नीं कमी आढळला. काळ्या शिरस्त्राणाच्या मानानें पांढऱ्यामुळें तो शेंकडा २४ नीं कमी होता. आणि दिवसां दिवा लावणारांचा शेंकडा २७ नीं. पांढऱ्या शिरस्त्राणाचा आमच्या वऱ्हाडांत आणखी एक लाभ आहे, तो म्हणजे वैशाखाच्या उन्हांत तें काळ्याइतकें तापत नाहीं. आंत सुती दुपट्टा गुंडाळला म्हणजे घामहि टिपला जातो.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. पोपटी किंवा नारिंगी असा जो झगझगीत रंग असतो, तो सूर्याच्या प्रकाशांत उठून दिसतो. रात्रीं त्याचा फारसा उपयोग नाहीं. रात्रीं उपयोगी पडते ती परावर्तक पट्टी, जी मोटारीच्या दिव्याचा झोत ज्या दिशेनें आला त्याच दिशेस परत पाठविते. तिचे चार तुकडे आणून शिरस्त्राणाच्या मागें, पाठपिशवीवर आणि गाडीच्या मागील बाजूस चिकटवावेत. एका हॉटेलांतील चहा-फराळास जेवढे पैसे पडतात, त्याहून यास अधिक पडत नाहींत. हाच उपकार आपल्या शेतावरील ट्रॉलीवर व बैलगाडीवरहि करावा. कारण फटफटीस्वार जसा दुसऱ्यास दिसला पाहिजे, तशी थांबलेली ट्रॉली त्यालाहि दिसली पाहिजे.

तिसरा उपाय म्हणजे मनाची वृत्ति; आणि माझ्या मतें हाच मुख्य. दिसण्यासाठीं सर्व कांहीं करावें, आणि मग आपण कोणासच दिसत नाहीं असें समजून गाडी चालवावी. ऐकावयास हें परस्परविरुद्ध वाटेल. पण तसें नाहीं. पहिलें आपलें कर्तव्य आहे, दुसरी आपली सावधगिरी आहे. फांट्यावर मोटार थांबलेली दिसली, म्हणजे ती निघणारच असें धरून वेग उतरवावा व ब्रेकवर बोटें ठेवावींत. हांकणाऱ्यानें आपल्याकडे पाहिलें, एवढ्यावर विश्वासूं नये. पाहणें व दिसणें यांत केवढें अंतर आहे, तें वर आलेंच. त्याच्या डोळ्यांपेक्षां त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहावें. चाक फिरूं लागलें कीं मोटार निघाली. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या मोटारीचें दार एकाएकीं उघडेल, असें समजून हातभर नव्हे, चांगलें दार-भर अंतर राखावें. आपला अधिकार असला, तरी तो मृत्यूशीं वाद घालून मिळवावयाचा नसतो. न्याय मिळतो तो मागाहून. हाड मोडतें तें आधीं.

शिर सलामत

इतकें सर्व करूनहि एखादे वेळीं गांठ पडतेच. त्या क्षणासाठीं शिरस्त्राण आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स हा इ. स. १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत फटफटीवरून पडला, आणि सहा दिवसांनीं मेंदूच्या इजेनें वारला. त्याच्या डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याच्यावर उपचार करणारांपैकीं ह्यू केर्न्स या तरुण शस्त्रवैद्याच्या मनास तो मृत्यु लागून राहिला. त्यानें लष्करांतील फटफटीस्वारांच्या इजांचा अभ्यास करून इ. स. १९४१ मध्यें निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यांत निरोप्या स्वारांस शिरस्त्राण सक्तीचें झालें. जगांत आज जो कायदा दिसतो, त्याच्या मुळाशीं एका वैद्याची ती हळहळ आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून इ. स. २००८ मध्यें काढलेला निष्कर्ष असा आहे कीं, शिरस्त्राणामुळें मृत्यूचा धोका शेंकडा ४२ नीं व डोक्याच्या इजेचा शेंकडा ६९ नीं कमी होतो.

आपल्याकडे मोटारवाहन कायदा, १९८८ याच्या १२९ व्या कलमान्वयें चार वर्षांवरील प्रत्येकास, पुढें बसणारास व मागें बसणारासहि, तें बंधनकारक आहे. इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना रद्द अशी शिक्षा ठरली. चार वर्षांखालील बालकासाठींहि इ. स. २०२३ पासून नियम लागू झाला आहे: त्यास पट्ट्यानें स्वाराशीं बांधावें, त्याच्या मापाचें शिरस्त्राण घालावें, आणि वेग तासीं ४० किलोमीटरांवर नेऊं नये. पण दंडाच्या भीतीनें आरशास अडकविलेलें शिरस्त्राण आरशाचें रक्षण करितें, डोक्याचें नव्हे. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेलें शिरस्त्राण पहिल्याच आघाताबरोबर स्वाराच्या आधीं जमिनीवर पोहोंचतें. घ्यावयाचें तें आय्. एस्. आय्. चें चिन्ह पाहून घ्यावें. त्यावांचून विकण्यास १ जून २०२१ पासून बंदी आहे. इ. स. २०२२ मध्यें भारतांत शिरस्त्राण न घातलेलीं ५०,०२९ माणसें गेलीं, त्यांपैकीं १४,३३७ हीं मागें बसलेलीं होतीं. त्यांत कितीएकांच्या आया, पत्नी, बहिणी असतील. भगिनींस माझी विनंती आहे कीं, केसांची वेणी बिघडेल म्हणून, किंवा “जवळच तर जावयाचें आहे” म्हणून हें टाळूं नये. शिर सलामत तर पगडी पचास, असें जुने लोक म्हणत; येथें पगडी आधीं, मग शिर सलामत.

मोटारवाल्यांस दोन शब्द

हे सगळे उपदेश फटफटीवाल्यासच कां, असें कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्त आहे. ज्याच्याभोंवतीं लोखंडाचा पत्रा आहे, त्याची जबाबदारी अधिक आहे, हें निर्विवाद. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां मोटार आहे, आणि ती घरांतील मुलाच्या फटफटीशेजारींच उभी असते. त्यांनीं एवढें करावें. चौकांत मान भरकन् न फिरवितां सावकाश फिरवावी, व प्रत्येक बाजूस दोनदां पाहावें. दुसऱ्या वेळीं मुद्दाम फटफटीचा शोध घ्यावा. कांचेच्या खांबाआड काय आहे तें पाहण्यासाठीं थोडें पुढें-मागें झुकावें. मालमोटार किंवा ट्रॉली पुढून निघून गेली म्हणजे लगेच न वळतां मनांत दोन अंक मोजावेत. तिच्या मागें कोणाचा तरी मुलगा असूं शकतो. उतरतांना दाराची मूठ दूरच्या हातानें धरावी, म्हणजे उजव्या दारासाठीं डावा हात वापरावा. मान आपोआप मागें वळते, आणि मागून येणारा स्वार दिसतो. रात्रीं समोर फटफटी दिसली, तर मोटारीसाठीं जसा झोत उतरवितां तसाच तिच्यासाठींहि उतरवावा. एकच दिवा आहे म्हणून तिच्यावर एकच जीव आहे असें नाहीं. पुष्कळदां तीन असतात.

घराघरांतील नियम

शेवटीं, ज्यांच्या घरांत फटफटी आहे, त्यांनीं कांहीं नियम ठरवून टाकावेत. अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मुलाच्या हातीं गिअरची गाडी देऊं नये. तसें दिल्यास पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाला म्हणून गाडी घेऊन देणार असाल, तर गाडीच्या आधीं पांढरें शिरस्त्राण घरांत आणा. दिवेलागणीची वेळ, जिला आपले पूर्वज संधिकाल म्हणत, ती डोळ्यांस अत्यंत फसवी असते. दिवसाचा उजेड गेलेला असतो, आणि दिव्यांस अजून जोर आलेला नसतो. तेवढी घटका ओलांडून निघतां आलें, तर निघावें. आणि मुलगा उशिरां आला म्हणून रागावूं नये. ज्या घरांत उशिराबद्दल रागें भरतात, त्या घरचीं मुलें घाईनें येतात.

आठांपैकीं सगळीं कारणें आपल्या हातचीं नाहींत; समोरच्याचें मन व सूर्याची जागा आपण बदलूं शकत नाहीं. पण दिवा पुसणें, पांढरें शिरस्त्राण बांधणें, पट्टी चिकटविणें, ट्रॉलीपासून अंतर राखणें आणि फांट्यावर वेग उतरविणें, एवढीं पांच कामें कोणासहि करतां येतात. त्यांस पैसा थोडा लागतो व विद्या मुळींच लागत नाहीं. उद्यां सकाळीं तुमच्या घरून जो कोणी फटफटीवर निघेल, त्याच्याकडे दारांतून समोरच्या मोटारवाल्याच्या डोळ्यांनीं एकदां पाहा. आणि तो दिसण्यास जें कमी असेल, तें त्यास थांबवून द्या.